घराच्या आवारात वर्कशॉपची इमारत: बांधकाम परवानगी, कागदपत्रे आणि सांडपाण्याची आखणी

सुतारकाम, फॅब्रिकेशन, मोटार रिवाइंडिंग किंवा दुचाकी दुरुस्तीचा व्यवसाय करणारे अनेक कारागीर भाड्याचा गाळा सोडून घरामागच्या मोकळ्या जागेत स्वतःचे वर्कशॉप उभारतात. पत्र्याच्या शेडला परवानगी लागत नाही, असा समज सर्रास आढळतो. मात्र छप्पर पत्र्याचे असले तरी पाया घेऊन उभारलेली कायमस्वरूपी रचना महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार ‘विकास’ या व्याख्येत येते आणि तिला पूर्वपरवानगी आवश्यक असते.

अर्ज कोणाकडे करायचा, हे जागा कोठे आहे यावर ठरते. महानगरपालिका, नगरपरिषद व नगरपंचायत क्षेत्रात ती संस्थाच नियोजन प्राधिकरण असते, गावठाणात ग्रामपंचायतीशी संबंध येतो आणि गावठाणाबाहेरील जागेचे प्रकरण महसूल व नगररचना विभागाकडे जाते. मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यात डिसेंबर 2020 पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. लहान भूखंडांसाठी प्रक्रिया सुलभ करण्यात आली असली, तरी ती सवलत मुख्यतः राहत्या घरांचा विचार करून दिलेली आहे. त्यामुळे वर्कशॉपसाठी तिच्यावर विसंबण्यापूर्वी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे.

पात्रतेत तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली म्हणजे मालकी. सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर भावाबहिणींची नावे असतील, तर सर्व सहधारकांचे संमतिपत्र लागते, आणि जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली) असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी व नजराणा (शासनाला भरायची रक्कम) यांचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. दुसरी म्हणजे जमिनीचा वापर. मंजूर विकास योजनेतील किंवा प्रादेशिक योजनेतील विकासयोग्य क्षेत्र, तसेच गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतची जमीन यांसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ब, 42-क व 42-ड मुळे स्वतंत्र अकृषिक परवानगीची गरज उरलेली नाही, मात्र त्यापोटीची शासकीय देणी भरावीच लागतात. तिसरी म्हणजे व्यवसायाचे स्वरूप. निवासी विभागात लहान सेवा-उद्योगांना अश्वशक्ती व कामगारसंख्येच्या मर्यादेत परवानगी मिळू शकते. म्हणून कोणती यंत्रे बसवणार आणि त्यांचा एकूण विद्युतभार किती, हे अर्जातच स्पष्ट लिहावे. केवळ ‘शेड’ असे लिहून मंजुरी घेणे आणि नंतर तेथे यंत्रे चालवणे हा मंजूर वापराचा भंग ठरतो.

अर्जासोबत अलीकडचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, गावठाणात नमुना 8 चा उतारा, खरेदीखत किंवा वारसाचा फेरफार, चालू कराची पावती, भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्याने स्वाक्षरी केलेले नकाशे आणि संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र जोडावे. यांपैकी मोजणी सर्वाधिक वेळ घेते, म्हणून तिचा अर्ज सर्वांत आधी करावा. कुंपण हीच हद्द, असे गृहीत धरून काढलेला नकाशा मोजणीनंतर बदलावा लागतो, कारण सोडायचे सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी ठेवायची जागा) हद्दीपासून मोजले जाते, कुंपणापासून नव्हे. रस्त्यालगतच्या जागेत इमारत रेषा (रस्त्याच्या बाजूला जिच्यापुढे बांधकाम करता येत नाही ती रेषा), तर नदीकाठी निळी पूररेषाही (जिच्या आत बांधकामावर निर्बंध असतात ती पुराची हद्द) तपासली जाते.

एवढे सारे करूनही बहुतेक अर्जदार पाण्याच्या निचऱ्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात, आणि पुढे शेजाऱ्यांशी होणारे वाद नेमके तेथूनच सुरू होतात. मोकळ्या परसात पडणारे पावसाचे बरेच पाणी जमिनीत मुरते. त्याच जागी पत्रा आणि कोबा आला की ते एकाच कडेने वेगाने वाहू लागते. शंभर चौरस मीटरच्या छपरावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 5,000 लिटर पाणी खाली येते. ते शेजाऱ्याच्या भिंतीशी सोडता येत नाही आणि मलवाहिनीतही सोडू नये. म्हणून नकाशा काढण्यापूर्वी गवंड्याच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने आवाराच्या चारही कोपऱ्यांची पातळी घ्यावी, उतार कोणत्या बाजूला आहे ते नोंदवावे आणि त्यानुसारच जोत्याची उंची ठरवावी.

नकाशावर प्रस्तावित सांडपाणी वाहिन्या तांबड्या तुटक रेषेने दाखवण्याची पद्धत आहे. पन्हळ, उघडी गटारे, तपासणी चेंबर, सेप्टिक टँक, शोषखड्डा आणि आवारातील विहीर यांची जागाही त्यात असावी. भारतीय मानक 2470 प्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान 18 मीटर दूर असावा. काळ्या चिकण मातीत पाणी फार सावकाश मुरते. तेथे शोषखड्डा आषाढातच तुंबतो, म्हणून आधी खड्डा खणून त्यात पाणी ओतून ते किती वेळात मुरते हे पाहावे आणि गरज पडल्यास सार्वजनिक गटाराची जोडणी मागावी. दुरुस्तीच्या कामातील तेलकट पाणी मात्र शोषखड्ड्यात कधीही सोडू नये. त्यासाठी तेल वेगळे करणारा स्वतंत्र चेंबर दाखवावा, आणि वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडत असल्याने ते अधिकृत पुनर्प्रक्रियाकारालाच द्यावे.

छाननी शुल्क व विकास शुल्काबरोबर बांधकाम खर्चाच्या 1 टक्का कामगार कल्याण उपकर भरावा लागतो; स्वतःच्या राहत्या लहान घराला त्यातून मिळणारी सूट वर्कशॉपला मिळत नाही. प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) हाती येईपर्यंत पाया खोदू नये. त्याची मुदत एक वर्ष असते आणि वेळीच अर्ज केल्यास ती वाढवून मिळते. जोते पूर्ण झाल्यावर तपासणीसाठी कळवावे. वाहिन्यांची चाचणी त्यांच्यावर माती टाकण्याआधीच करून घ्यावी आणि चर उघडे असतानाच मोजपट्टी धरून त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण भोगवटा प्रमाणपत्राच्या (पूर्ण झालेली इमारत वापरण्याच्या परवानगीच्या) वेळी जमिनीखालचे काम दाखवता येत नाही. उद्योगाच्या वर्गवारीनुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का, हे यंत्रे बसवण्यापूर्वी पाहावे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची केंद्र सरकारकडील नोंदणी) ही बांधकाम परवानगीला पर्याय ठरत नाही.

अर्ज नामंजूर झाल्यास आदेश मिळाल्यापासून 40 दिवसांच्या आत नगररचना अधिनियमाच्या कलम 47 खाली अपील करता येते. मात्र हरकत सामासिक अंतराची किंवा निचऱ्याची असेल, तर त्याच अभियंत्याकडून सुधारित नकाशा करून पुन्हा अर्ज करणे बहुधा लवकर मार्गी लागते.