उघडं दार आणि फुटणाऱ्या वाटा : झॉम्बिसाइडमधल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

झॉम्बिसाइड या पटावरच्या खेळात सगळे खेळाडू मिळून झॉम्बींशी लढतात, आणि तिथे दार एकदा उघडलं की पुन्हा लावता येत नाही. 2012 च्या पहिल्या आवृत्तीतला हा नियम कोणी फारसा मनावर घेत नाही. टेबलावर आवाज चढतात ते झॉम्बींच्या घोळक्याला दोन सारख्याच वाटा फुटल्यावर, कोण कुठे जाणार यावरून. माझ्या मते भांडण एकच आहे, आणि ते दारातूनच आत येतं.

1989 च्या हिरोक्वेस्ट या खेळात असा प्रश्नच नव्हता. तिथे एकावर राज्य असायचं. दार उघडलं की पलीकडचे राक्षस तोच मांडायचा आणि कोणावर धावून जायचं तेही तोच ठरवायचा. चूक झालीच तर शिव्या द्यायला समोर माणूस होता! 2010 च्या कॅसल रेव्हनलॉफ्टने ते राज्य काढून राक्षसाच्या कार्डावर सूचना छापल्या. वरून वाचत जायचं आणि पहिली लागू पडेल ती करायची.

झॉम्बिसाइडने कार्डावरच्या सूचनांऐवजी दोनच गोष्टींवर काम भागवलं, नजर आणि आवाज. माणूस दिसला तर झॉम्बी त्याच्याकडे वळतो. कोणीच दिसत नसेल तर सगळ्यात जास्त आवाजाच्या झोनकडे (पटावरच्या घराकडे) जातो, आणि जवळच्यात जवळच्या वाटेने. प्रत्येक पात्र उभ्या उभ्याच एक आवाज धरलं जातं, गोळीबाराचा आवाज वेगळा. बंद दार नजर अडवतं, पाय अडवतं, आवाज मात्र अडवत नाही. म्हणूनच कटावणीला एवढा भाव. कुऱ्हाडीने दार फोडलं तर त्याचा आवाज होतो, कटावणीने गुपचूप उघडतं. पण कशानेही उघडा, इमारतीचं पहिलं दार उघडताच आतल्या सगळ्या खोल्यांसाठी नवे झॉम्बी आणणारी कार्डं ओढायची, फक्त दारालगतच्या खोलीसाठी नाही. नवखे खेळाडू हमखास इथेच फसतात.

आता मूळ कटकट. समान लांबीच्या दोन वाटा असतील तर घोळका दोन्हीकडे विभागतो, प्रत्येक प्रकारचे झॉम्बी वेगळे मोजून. पहिल्या आवृत्तीत ही विभागणी सारखीच व्हायला हवी होती, आणि होत नसेल तर डब्यातून जादा झॉम्बी काढून ती सारखी करायची! कोपऱ्यावर तीन वॉकर, म्हणजे साधे झॉम्बी, उभे आहेत, तुम्ही इमारतीच्या पलीकडे आहात. पुढचं दार उघडं, मागचं बंद, त्यामुळे बाहेरून वळसा घालणारी एकच वाट, तिघेही त्याच वाटेने येणार. कोणीतरी हौसेने मागचं दार उघडतं. आतून येणारी वाट वळशाएवढीच भरली की पुढच्या पाळीत दोन इकडून, दोन तिकडून. तीनाचे चार झाले, आणि दार तर आता लागत नाही. त्यात एखाद्या प्रकारच्या सोंगट्या संपल्या की पटावरचे त्या प्रकारचे सगळे झॉम्बी एक जादा चाल करतात.

या नियमाच्या बाजूने एकच म्हणणं ऐकू येतं, की हिशेब सोपा राहतो, कोणी कुठे जायचं यावर चर्चा नको. मला ते कधीच पटलं नाही. फुकटचा झॉम्बी काढून मिळालेला सोपेपणा खेळाडूंच्याच खिशातून गेलेला असतो. पण एक कबूल करायला हवं, त्या नियमामुळे दार उघडण्याआधी लोक नकाशा बघायचे, वाटा बोटाने मोजायचे.

2021 च्या दुसऱ्या आवृत्तीत जादा झॉम्बी गेला. विषम घोळक्यातला उरलेला कोणत्या वाटेने पाठवायचा, ते खेळाडू ठरवतात. साहजिकच तो नेहमी सगळ्यात दणकट पात्राकडे पाठवला जातो, आणि ज्या चर्चेला टाळायचं होतं तीच आता दर पाळीला होते. दारं मात्र तशीच राहिली.

मधल्या काळात इतर खेळांनी वेगळा मार्ग धरला. 2016 मध्ये मॅन्शन्स ऑफ मॅडनेसच्या दुसऱ्या आवृत्तीने राज्य घेणाऱ्या खेळाडूचं काम अ‍ॅपवर सोपवलं. 2017 च्या ग्लूमहेवनमध्ये राक्षस दार उघडतच नाहीत, ते काम खेळाडूंच्या पात्रांचं. पण दारामागून जे दिसतील ते त्याच फेरीत चाल करतात.

आमच्याकडे संच जुना आणि पुस्तिका नवी असा संसार आहे. जादाच्या वॉकरचं काय ते आधी हात वर करून ठरतं, मगच कोणी कटावणी उचलतं.