थर्मोस्टॅट काढला की इंजिन सुखी? उलट!

‘आपल्याकडं एवढं ऊन, थर्मोस्टॅट हवाच कशाला? काढून टाका, गाडी तापायची नाही.’ गॅरेजमधला हा सल्ला कार्ब्युरेटरच्या काळापासून चालत आलाय, आणि तो चुकीचा आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारी झडप. इंजिन थंड असताना ती बंद असते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांवर गेलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडं जातं. झडपच काढली, तर हायवेवरच्या वाऱ्यानं इंजिन कोमटच राहतं. पेट्रोल गाडीत कूलंटचा (म्हणजे याच पाण्याचा) सेन्सर तेच ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळवतो. ईसीयू बिचारा समजतो, गाडी आत्ताच सुरू झालीय, आणि पेट्रोल वाढवतो. मग ॲव्हरेज पडतं, प्लग काजळीनं काळे होतात, आयडलिंगला गाडी थरथरते. मालक मात्र प्लग बदलत बसतो!

झडप उघडी अडकली तरी हेच होतं. तपासायला सोपं आहे. सकाळी थंड गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा (पंख्यापासून जपून, तो अचानक फिरतो). सुरुवातीची काही मिनिटं बहुतेक गाड्यांत पाइप गार राहतो, मग झपकन तापतो. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर संशय पक्का. गॅरेजच्या दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०१२८ कोड (इंजिन पुरेसं तापत नाही) दिसला तर आधी कूलंटची पातळी बघा, मग थर्मोस्टॅट.

आणखी एक गंमत: काही इंजिनांत हीच झडप बायपासची वाटही बंद करते. झडप काढली की पाणी त्या वाटेनं रेडिएटर टाळून फिरतं, आणि ट्रॅफिकमध्ये गाडी खरोखरच तापते.