ग्रिफिन की हिप्पोग्रिफ? आधी शेपटी बघा

व्हर्च्युअल पेटच्या, म्हणजे पडद्यावर प्राणी पाळायच्या खेळात नवे काल्पनिक प्राणी आले की त्यात गरुडाच्या डोक्याचा एखादा प्राणी हमखास असतो, आणि त्याच्या नावावरून गोंधळही हमखास होतो. बाकदार चोच, छातीवर दाट पिसं, मोठे पंख, पुढच्या पायांना नख्या. कोणी म्हणतं ग्रिफिन, कोणी म्हणतं हिप्पोग्रिफ. ज्यांना फक्त एक गोजिरवाणा प्राणी पाळायचा आहे त्यांचं यात काही अडत नाही. संग्रह पूर्ण करणाऱ्यांचं मात्र अडतं. इतर खेळाडूंशी अदलाबदल करताना एकाच्या जागी दुसरा पदरात पडतो आणि संग्रहातली हवी असलेली चौकट रिकामीच राहते.

ग्रिफिन म्हणजे पुढून गरुड, मागून सिंह. हिप्पोग्रिफ म्हणजे पुढून गरुड, मागून घोडा. व्याख्या सोपी आहे. पंचाईत अशी की दोघांचा पुढचा भाग सारखाच असतो, आणि खेळातल्या छोट्या चौकटीत बहुतेकदा तेवढाच दिसतो. म्हणून चेहऱ्यावर न रेंगाळता नजर थेट मागे न्यावी.

सगळ्यात आधी शेपटी. सिंहाची शेपटी लांब, सडपातळ, आखूड केसांची असते आणि टोकाला गडद झुपका असतो. मांजरकुळात असा झुपका फक्त सिंहालाच असतो, त्यामुळे चित्रकार तो सहसा सोडत नाहीत. घोड्याच्या शेपटीचे लांब केस जवळजवळ बुडापासूनच खाली सुटलेले असतात. अगदी बारक्या चित्रातही हा फरक कळतो. मग पावलं: ग्रिफिनच्या मागच्या पायाला बोटं आणि गादी असलेला पंजा, हिप्पोग्रिफच्या मागच्या पायाला एकच खूर. पावलं गवतात किंवा ढगात झाकली असतील तर बैठक बघा. सिंह मागचे पाय मुडपून आणि पुढचे ताठ ठेवून बसतो. युरोपातल्या राजचिन्हांवरचे बसलेले ग्रिफिन असेच दाखवतात. घोडा सहसा असा बसत नाही. तो उभा राहतो, नाहीतर पाय पोटाखाली घेऊन लवंडतो. त्याला उभ्याउभ्या डुलकीही घेता येते, कारण त्याच्या पायांत स्नायूंवर फारसा ताण न येता सांधे जागच्या जागी धरून ठेवण्याची सोय असते. गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावं लागतं, ते वेगळं. एखाद्या खेळात हिप्पोग्रिफ उभ्याने पेंगताना दाखवला असेल, तर काढणाऱ्याने खरा घोडा नीट पाहिलेला आहे असं समजावं. मला अशा चित्रकारांबद्दल फार आदर वाटतो.

पिल्लांच्या बाबतीत या खुणा फारशा चालत नाहीत. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू बऱ्याचदा नुसता पिसांचा गोळा म्हणून काढतात. शेपटी आखूड, पाय लपलेले. अशा वेळी प्रजातीचं नाव जिथे लिहिलेलं असतं ती ओळ वाचावी. मालकाने ठेवलेल्या नावावर जाऊ नये, कारण हिप्पोग्रिफचं नाव कोणी हौसेने ‘ग्रिफू’ ठेवलेलं असू शकतं. प्रजातीची ओळच नसेल तर प्राणी मोठा होईपर्यंत अदलाबदल न केलेली बरी.

रंगावरून तर ओळखायला जाऊच नये. सोनेरी म्हणजे ग्रिफिन आणि करडा म्हणजे हिप्पोग्रिफ असा कुठलाही नियम नाही. रंग बदलण्याची सोय असलेल्या खेळात तर एकच प्राणी आज निळा आणि उद्या चट्टेरी असतो. पंखांचाही भरवसा नाही. क्रीट बेटावरच्या नॉसोसच्या राजवाड्यात सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर ग्रिफिन रंगवलेले आहेत, आणि त्यांना पंखच नाहीत. इंग्लंडच्या राजचिन्हांच्या परंपरेतही एक बिनपंखांचा ग्रिफिन आहे: त्याला नर ग्रिफिन म्हणतात आणि पंखांच्या जागी त्याच्या अंगातून काटे निघालेले दाखवतात. नव्या प्राण्याला पंख नाहीत एवढ्यावरून ‘हा ग्रिफिन नव्हेच’ म्हणणाऱ्यांनी हे दोन जुने दाखले लक्षात ठेवावेत. टोकदार उभे कान ही मात्र जुनी खूण आहे, पण ती कामाची आहे ग्रिफिन आणि साधा गरुड यांच्यात फरक करताना. हिप्पोग्रिफलाही काही चित्रकार कान देतात, त्यामुळे आपल्या प्रश्नाला कानांचा उपयोग नाही.

आता स्वभाव, कारण पेटच्या खेळात प्राण्याची ओळखगोष्ट, आवडतं खाणं, वागणं हे सगळं लिहिलेलं असतं आणि त्यावरूनही अंदाज बांधता येतो. ग्रिफिन फार जुना. इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने उत्तरेकडच्या सोन्याची राखण करणाऱ्या ग्रिफिनांची कथा नोंदवली आहे. एकडोळे अरिमास्पी लोक त्यांच्याकडून ते सोनं पळवतात असं ती कथा सांगते. म्हणजे मूळचा ग्रिफिन राखणदार. एका जागी ठाण मांडणारा, संशयी, आपल्या ठेव्याला चिकटलेला. ओळखगोष्टीत खजिना, घरटं, पहारा असे शब्द आले की झुकतं माप ग्रिफिनला द्यावं.

हिप्पोग्रिफची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तो एका अशक्य कल्पनेतून जन्मला आहे. इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात रोमन कवी व्हर्जिलने आपल्या आठव्या गोपगीतात म्हटलं, आता ग्रिफिनांची घोड्यांशीही जोडी जमेल. आता काहीही घडू शकतं, असं त्याला म्हणायचं होतं; ग्रिफिन आणि घोडे यांचं वैर धरलेलं होतं, म्हणूनच या जोडीचा दाखला. पुढे इटलीत लुदोविको आरिओस्तोने १५१६ साली पहिल्यांदा छापलेल्या ‘ओर्लांदो फुरिओसो’ या काव्यात ही अशक्य जोडी खरोखर जमवली. त्याचा हिप्पोग्रिफ ग्रिफिन बाप आणि घोडी आई यांच्या पोटचा. पिसं, पंख, डोकं, चोच, पुढचे पाय बापाचे. बाकी सगळं आईचं. हा जादूने भासवलेला प्राणी नाही, खराखुरा जन्मलेला आहे, असं आरिओस्तो आवर्जून सांगतो. जादूगार अतलांते त्याला माणसाळवतो, मग काव्यातला रुज्जेरो नावाचा योद्धा त्याच्यावर बसतो, नंतर आस्तोल्फो हा दुसरा योद्धा. आस्तोल्फो हिप्पोग्रिफवरून चंद्रावर गेला असं पुष्कळदा सांगतात, पण त्या काव्यात हिप्पोग्रिफ त्याला पृथ्वीवरच्या नंदनवनापर्यंत नेतो आणि तिथून चंद्राचा प्रवास अग्निरथातून होतो. तेव्हा हिप्पोग्रिफचं मूळ काम राखण करण्याचं नसून माणसाला पाठीवर घेऊन दूर जाण्याचं आहे. खोगीर, लगाम, लांबचा प्रवास यांचा उल्लेख असेल तर बहुधा तोच. अर्थात नव्या खेळांत ग्रिफिनवरही स्वार बसवतात, त्यामुळे खोगीर दिसलं तरी शेपटी तपासावीच.

या जन्मकथेमुळे एक गैरसमज खेळणाऱ्यांत पसरतो: ग्रिफिन आणि घोडा यांची जोडी लावली की हिप्पोग्रिफ मिळेल. जोड्या लावण्याचे सगळे खेळ असे चालत नाहीत. २०१३ साली सुरू झालेल्या फ्लाइट रायझिंगमध्ये, जिथे ड्रॅगन वाढवतात, पिल्लू आईच्या किंवा बापाच्या जातीचंच निघतं. दोन जातींची सरमिसळ होऊन तिसरी जात तयार होत नाही. मिसळतात ते रंग. तुमच्या खेळाचे नियम आधी वाचा, उगाच दोन चांगले प्राणी महिनोन्महिने जोडीत अडकवून ठेवू नका.

उरला तो खरा कठीण भाग, नव्या कल्पनेतल्या प्राण्यांचा. चित्रकार आता गरुडाच्या जागी घुबड घेतात, सिंहाच्या जागी हिमबिबट्या, घोड्याच्या जागी झेब्रा किंवा हरीण. २००४ च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात तर हिप्पोग्रिफ म्हणून जो प्राणी आहे त्याला घोड्याऐवजी सांबरासारखं अंग आहे आणि डोक्यावर शिंगं आहेत. तरी त्याचं नाव कोणाला खटकत नाही, आणि माझ्या मते ते रास्तच आहे. मी संग्रह लावताना साधा निकष ठेवते: मागचा भाग मांजरकुळातला असेल तर ग्रिफिनच्या रांगेत, खूरवाला असेल तर हिप्पोग्रिफच्या रांगेत. डोकं कुठल्या पक्ष्याचं आहे ते दुय्यम. लांडगा, अस्वल, मगर असं काही मागे जोडलेलं असेल, तर तो दोन्हींपैकी कुठलाच नाही, आणि खेळ बनवणाऱ्यांनी त्याला स्वतःचं नाव द्यायला हवं.

एक अपवाद याच निकषात अडकतो. ओपिनिकस नावाचा राजचिन्हांतला प्राणी ग्रिफिनसारखाच असतो, गरुडाचं डोकं आणि पंखही तसेच, पण त्याचे चारही पाय सिंहाचे असतात आणि शेपटी आखूड. तुमच्या ग्रिफिनला पुढे नख्यांचे पक्षीपाय दिसत नसतील आणि मागे झुपक्याची लांब शेपटीही नसेल, तर तो बहुधा ओपिनिकस आहे. त्याच्यासाठी वेगळी चौकट ठेवा.