मॉड्यूल जोडताना सॉफ्टवेअर का थांबतं?

नवं प्लग-इन मॉड्यूल, म्हणजे जादा सोय देणारा जोड-भाग, जोडलं की आमचं सॉफ्टवेअर काही सेकंद ‘तपासणी सुरू आहे’ असं दाखवतं आणि कधी कधी ते मॉड्यूल सरळ नाकारतं. ‘फाइल तर बरोबर आहे, मग घेत का नाही?’ असे फोन आम्हाला नेहमी येतात.

आधी लोड करून बघू, गडबड वाटली तर काढून टाकू, असा अनेकांचा समज असतो. खरी मेख तिथेच आहे. आमचं मॉड्यूल म्हणजे विंडोजची डीएलएल फाइल, दुसऱ्या प्रोग्रामने वापरायच्या कोडची फाइल. ती लोड होताना तिच्यातलं सुरुवातीचं फंक्शन आपोआप चालतं. तुम्ही एकही बटण दाबलेलं नसतं, तरी आतला कोड मुख्य प्रोग्रामच्या सगळ्या परवानग्या घेऊन कामाला लागलेला असतो. लोड केल्यावर तपासणं म्हणजे पाहुण्याला तिजोरीच्या खोलीत बसवून मग नाव विचारणं. म्हणून आम्ही फाइल आधी नुसती वाचतो, चालवत नाही.

सुरुवात साध्या गोष्टींपासून होते. डीएलएलचे पहिले दोन बाइट ‘एम’ आणि ‘झेड’ या अक्षरांचे असतात. ते नसतील तर फाइल अर्धवट उतरलेली किंवा भलतीच आहे. मग 32-बिट की 64-बिट, हे पाहतो. 64-बिट प्रोग्राममध्ये 32-बिट मॉड्यूल थेट लोड होत नाही आणि नकाराचं कारण बहुतेक वेळा इतकंच असतं.

पुढची पायरी डिजिटल सहीची, म्हणजे फाइल निर्मात्याचीच आहे आणि नंतर बदललेली नाही याच्या खुणेची. फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी तिचा एसएचए-256 हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ठसा, पार बदलतो, आणि मग सही जुळत नाही. नुसता हॅश मात्र पुरत नाही: ज्या साइटवर फाइल बदलली, तिथलाच हॅशही बदलता येतो.

सही जुळली म्हणजे मॉड्यूल निर्धोक, असंही नाही. 2020 मध्ये उघडकीला आलेल्या सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात घुसखोरांचा कोड तिच्या ओरायन सॉफ्टवेअरच्या एका डीएलएलमध्येच होता, आणि त्यावर कंपनीची अस्सल सही होती. म्हणून सहीनंतरही पहिली चाचणी आम्ही वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे मुख्य प्रोग्रामपासून अलग चालणाऱ्या कामात, तोकड्या परवानग्या देऊन घेतो. मॉड्यूल कोसळलं तर ती प्रोसेस बंद पडते, तुमचं उघडं काम नाही. तपासलेली प्रत लगेच संरक्षित फोल्डरमध्ये जाते आणि तीच लोड होते. मधल्या वेळात फाइल बदलण्याला वाव राहत नाही.

मॉड्यूल नाकारलं गेलं तर तपासणी किंवा अँटिव्हायरस बंद करू नका, कुणीही सांगितलं तरी. निर्मात्याच्या साइटवरून फाइल पुन्हा उतरवून बघा. तरीही अडलं तर संदेशाचा स्क्रीनशॉट आणि मॉड्यूलची आवृत्ती आम्हाला कळवा. फाइल ईमेलने पाठवू नका.

सही नसलेलं जुनं मॉड्यूल वापरणं भागच असेल, तर अ‍ॅडमिन खात्यातून ते विश्वासू यादीत घालता येतं. ही सूट त्या एका फाइलच्या हॅशपुरतीच असते. पुढची आवृत्ती आली की पुन्हा विचारणा होईल.