एका ब्राउझरात चालते, दुसऱ्यात का नाही?

नागपुरात बर्डीवर, गोकुळपेठेत किंवा महालात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कुठल्याही दुकानात जा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीन-चार ब्राउझरांची चिन्हं ओळीनं मांडलेली असतात. कुठली साइट कशात उघडायची, कुठल्या साइटला पॉप-अप सुरू करून द्यावा लागतो, कुठे आधी कॅश साफ करायची, हे दुकानदाराला तोंडपाठ असतं. सबमिटचं बटण दाबूनही काही होत नसेल तर तो म्हणतो, “थांबा भाऊ, दुसऱ्यात उघडून पाहू.” आणि बरेचदा दुसऱ्यात ते होतंही. वेब तर सगळ्यांसाठी एकच, मग असं का, याचं उत्तर शोधायला तीस-पस्तीस वर्षं मागे जावं लागतं.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तो संशोधकांनी एकमेकांची कागदपत्रं वाचावीत म्हणून. कुठलंही यंत्र असो, पान वाचता आलं पाहिजे, ही त्यामागची मूळ अट. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मोझॅक आला, त्यात मजकुरासोबत चित्रं दिसू लागली. तो करणाऱ्यांपैकी मार्क अँड्रीसन बाहेर पडले आणि १९९४ अखेरीस नेटस्केप नॅव्हिगेटर बाजारात आला. आपल्याकडे विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. विद्यार्थ्यांना परवडणारं खातं होतं ते ‘शेल’ खातं. त्यात चित्र नाही, रंग नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं आणि ‘लिंक्स’ (Lynx) नावाच्यासारखा मजकुरी ब्राउझर. याच महिन्याच्या २४ तारखेला विंडोज ९५ आलं आणि इंटरनेट एक्सप्लोररची पहिली आवृत्तीही त्याच सुमारास. म्हणजे भारतात इंटरनेट पोचलं ते थेट ब्राउझरांच्या लढाईतच.

या लढाईत नेटस्केप आणि एक्सप्लोररवाली मायक्रोसॉफ्ट, दोन्ही कंपन्यांचं हत्यार एकच होतं: आपल्याच ब्राउझरात चालतील अशा सोयी काढायच्या. नेटस्केपनं १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांच्याकडून अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा, म्हणजे पानाला हालचाल देणाऱ्या भाषेचा, पहिला नमुना करून घेतला. मायक्रोसॉफ्टनं पुढच्याच वर्षी तिची नक्कल ‘जेस्क्रिप्ट’ नावानं आणली, बरीचशी तशीच, काही ठिकाणी वेगळी. पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसचं पहिलं प्रमाण, म्हणजे सगळ्यांनी पाळायचे नियम, डिसेंबर १९९६ मध्ये आलं, पण १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत दोन्ही ब्राउझरांनी ते आपापल्या समजुतीनं, अर्धंमुर्धं राबवलं. पानावरचा एखादा तुकडा हलवायचा तर नेटस्केपला ‘डॉक्युमेंट डॉट लेयर्स’ सांगावं लागे आणि एक्सप्लोररला ‘डॉक्युमेंट डॉट ऑल’. एकच काम दोनदा लिहायचं. वैतागून काही वेब डिझायनरांनी १९९८ मध्ये वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट नावाची चळवळ उभारली. आधी ठरलेली प्रमाणं तरी पाळा, एवढीच त्यांची मागणी होती.

त्या काळाची एक खूण आजही तुमच्या फोनात आहे. ब्राउझर कुठलीही साइट मागताना आधी स्वतःची ओळख सांगतो. नेटस्केपचं टोपणनाव मोझिला. सर्व्हरवाले ओळख तपासत, ‘मोझिला’ दिसलं तर फ्रेम्सवालं, म्हणजे वेगवेगळ्या चौकटींत विभागलेलं, चांगलं पान देत, नाहीतर साधं. आपल्या ग्राहकांना उष्टं पान मिळू नये म्हणून एक्सप्लोररनंही स्वतःला मोझिला म्हणवून घेतलं आणि कंसात ‘कम्पॅटिबल’ लिहिलं. पुढे मोझिलाचं इंजिन, म्हणजे कोड वाचून पान पडद्यावर उभं करणारा ब्राउझरचा गाभा, गेको झालं. मग अ‍ॅपलच्या सफारीनं ‘गेकोसारखा’ असं जोडलं. क्रोम आला तो सफारी, त्याचं इंजिन वेबकिट, गेको, मोझिला अशी सगळ्यांची नावं सांगत. आजचा क्रोम दर वेळी आपली ओळख ‘मोझिला ५.०’ पासून सुरू करतो, ती या खोटेपणाच्या पिढीजात परंपरेमुळे. ऑपेराची २००९ मधली गोष्ट तर भन्नाटच. दहावी आवृत्ती आली तेव्हा अनेक साइट्स आवृत्तीचा फक्त पहिला आकडा वाचत होत्या, त्यांना १० म्हणजे १ वाटे. शेवटी ऑपेरा दहानं जगाला आपण ९.८० आहोत असं सांगितलं.

लढाईचा निकाल तंत्रापेक्षा वाटपानं लागला. एक्सप्लोरर विंडोजसोबत फुकट आला. अमेरिकी सरकारनं १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला, २००१ मध्ये तडजोड झाली, तोवर नेटस्केप संपल्यात जमा होता. आपल्याकडे तर निवड अशी नव्हतीच. असेंबल केलेल्या पीसीवर दुकानदार जे विंडोज टाकून देई, त्यातला निळा ‘ई’ म्हणजेच इंटरनेट. १९९८ अखेरीस खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची परवानगी मिळाली आणि गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले, तिथेही तोच ‘ई’. ब्राउझर नावाची वस्तू वेगळी असते आणि ती बदलता येते, हे कित्येकांना त्या काळात माहीतच नव्हतं.

ऑगस्ट २००१ मध्ये एक्सप्लोरर ६ आला आणि सातवा यायला ऑक्टोबर २००६ उजाडला. प्रतिस्पर्धीच उरला नव्हता, मग घाई कशाला? ही पाच वर्षं वेबच्या इतिहासातली सगळ्यात महाग पाच वर्षं, असं माझं मत आहे. वेब डिझायनिंगचे क्लास करणाऱ्या मुलांनी तेव्हा प्रमाणं शिकण्याऐवजी एक्सप्लोररचे नखरे पाठ केले. पारदर्शक पीएनजी चित्रामागे राखाडी डबा का येतो, डावीकडे तरंगणाऱ्या चौकटीचा समास आपोआप दुप्पट का होतो, कोड बरोबर असूनही पान का मोडतं. चौकटीच्या रुंदीत आतली मोकळी जागा आणि किनार धरायची की नाही, यावरून तर एक्सप्लोरर ५ नं प्रमाणाच्या नेमका उलटा हिशेब धरला होता. गंमत म्हणजे तो हिशेब जास्त सोयीचा होता. आज जवळपास प्रत्येक साइट सीएसएसमध्ये एक ओळ लिहून मुद्दाम तोच लावून घेते. चूक एकाची, शिव्या सगळ्यांच्या आणि शेवटी सगळ्यांनी तीच उचलली.

मराठी वाचकाचा त्रास मात्र मांडणीवर थांबला नाही, तो अक्षरांपर्यंत गेला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मराठी वर्तमानपत्रं नेटवर आली ती आपापले फाँट घेऊन. प्रत्येक फाँटची संकेतरचना वेगळी, म्हणजे ‘क’ कुठल्या कळीवर बसलाय हे ज्याचं त्याला ठाऊक. फाँट यंत्रावर नसला की बातमीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसे. फाँट पानासोबतच पाठवायची सोय दोन्ही ब्राउझरांनी १९९७ मध्ये दिली, पण पुन्हा दोन तऱ्हांनी: नेटस्केपची ट्रूडॉकवर आधारलेली, एक्सप्लोररची ईओटी फाइलची. ज्यांनी फक्त ईओटी दिली त्यांचं पान पुढे फायरफॉक्समध्ये वाचताच येईना. बातमी शोधायची सोय नाही, उतारा कॉपी करून मेलमध्ये टाकला तर समोरच्याला अगम्य. असा मजकूर वाचता यावा म्हणून फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचं एक्स्टेंशन निघालं होतं, ते अशा फाँटमधला मजकूर जागच्या जागी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरलेले संकेत देणाऱ्या जागतिक प्रमाणात, बदलून दाखवे.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. विंडोजमध्ये ती २००० सालच्या आवृत्तीपासून आली आणि एक्सपीवर तर कंट्रोल पॅनेलात जाऊन, सीडी घालून ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ चालू करावी लागे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हा ‘मला अक्षरं नीट दिसत नाहीत’ ही तक्रार मजकुराइतकीच जुनी होती. एक्सप्लोररमध्ये ठीक दिसणारं पान फायरफॉक्स २ मध्ये फुटे. परिच्छेद दोन्ही बाजूंनी जुळवलेला असला की जोडाक्षरं सुटी व्हायची, वेलांट्या भलतीकडे जायच्या. २००८ च्या फायरफॉक्स ३ मध्ये हे सुधारलं. ‘दुसऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य दोन वेगवेगळ्या संकेतांनी लिहिता येतो, त्यामुळे दिसायला सारखा असलेला शब्द शोधात सापडत नाही, हा घोळ आजही अधूनमधून भेटतो. बाकी अक्षरं जुळवायचं काम आता क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही हार्फबझ या एकाच मुक्त प्रणालीकडून करून घेतात. देवनागरीपुरता तरी दोघांतला झगडा मिटला तो असा.

सरकारी कामकाजातला तिढा यापेक्षा चिवट निघाला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नं डिजिटल सहीला कायदेशीर दर्जा दिला. पण ही सही असते यूएसबी डोंगलमध्ये आणि सुरक्षेसाठी ब्राउझर साइटला यंत्रातल्या कुठल्याही वस्तूला हात लावू देत नाही, देऊही नये. मग पूल बांधला गेला तो अ‍ॅक्टिव्हएक्सचा, जे फक्त एक्सप्लोररमध्ये चालतं, नाहीतर ब्राउझरला जोडून चालणाऱ्या जावा अ‍ॅपलेटचा. दक्षिण कोरियानं बँकिंगसाठी हाच मार्ग धरला आणि अख्खा देश वर्षानुवर्षं एक्सप्लोररला बांधून घेतला. आपल्याकडे ई-निविदांचं युग आलं तेव्हा रस्त्यांची, नाल्यांची, इमारतींची कामं घेणारा कंत्राटदार या तिढ्यात सापडला. नागपूर राज्याची उपराजधानी, सरकारी कार्यालयांची रांग इथे लांब, त्यामुळे असे लोकही पुष्कळ. निविदा भरायचा पीसी अनेकांनी वेगळाच ठेवला. त्यावर जावाची एक ठरावीक जुनी आवृत्ती, अपडेट बंद, साइट ‘ट्रस्टेड’ यादीत, आणि त्या यंत्राला पोराबाळांनी हात लावायचा नाही अशी घरात ताकीद. २०१४ च्या सुरुवातीला जावानं नियम कडक केले तेव्हा तिच्या सेटिंगमध्ये साइटचा पत्ता हातानं घालावा लागू लागला. क्रोमनं सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये जावा चालवणारे जुन्या पद्धतीचे प्लगइन काढूनच टाकले. सुरक्षेच्या दृष्टीनं ते योग्यच होतं, पण मुदतीच्या शेवटच्या तासाला सही उमटत नाही म्हणून घामाघूम झालेल्या माणसाला ते कोण सांगणार? पुढे पोर्टलांनी सहीसाठी यंत्रावर टाकायचं स्वतःचं छोटं सॉफ्टवेअर दिलं आणि ब्राउझर यातून मोकळा झाला.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणावीशी वाटते. साइट मोडते ती ब्राउझर अनेक असतात म्हणून, असं आपण समजतो. प्रत्यक्षात ती मोडते कारण बांधणाऱ्यानं त्या वेळी सगळ्यांकडे असलेला एकच ब्राउझर धरून ती बांधलेली असते. त्या ब्राउझरची सत्ता असेपर्यंत सगळं सुरळीत वाटतं. सत्ता गेली की उधारी वसूल होते, आणि ती साइट बांधणाऱ्याकडून होत नाही, फॉर्म भरणाऱ्याकडून होते.

एक्सप्लोररची सत्ता पहिल्यांदा हलवली फायरफॉक्सनं. नेटस्केपनं १९९८ मध्ये आपला कोड खुला केला होता, त्यातून ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स १.० आला. २००६ च्या जेक्वेरी या जावास्क्रिप्टच्या तयार कोडसंचानं ब्राउझरांमधले फरक स्वतःच्या पोटात घेतले आणि ‘दोनदा लिहा’ची कटकट बरीच कमी झाली. गूगलचा क्रोम सप्टेंबर २००८ मध्ये आला, अ‍ॅपलच्या वेबकिटवर. २०१३ मध्ये गूगलनं त्याची वेगळी शाखा काढून तिला ब्लिंक नाव दिलं. त्याच वर्षी ऑपेरानं आपलं इंजिन सोडून क्रोमच्या खुल्या कोडची, म्हणजे क्रोमियमची, वाट धरली.

मोबाइलवर आपली कहाणी जगापेक्षा जरा निराळी. स्वस्त फोन आणि महाग डेटाच्या दिवसांत इथे ऑपेरा मिनी चालला, कारण तो पान आपल्या सर्व्हरवर दाबून लहान करून पाठवी. फोनात देवनागरी नसेल तर त्याच्या ‘कॉन्फिग’ पानावर जाऊन एक सेटिंग ‘यस’ करायचं, मग मराठी मजकूर चित्र होऊन येई. ही युक्ती तेव्हा कॉलेजांमध्ये तोंडोतोंडी फिरली. यूसी ब्राउझरही खूप वापरला गेला, जून २०२० मध्ये सरकारनं बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये तो गेला. २०१७ च्या जिओफोनमध्ये कायओएस होतं, म्हणजे आत फायरफॉक्सचंच एक जुनं इंजिन. क्रोम धरून बांधलेल्या किती साइट्स त्यावर अडखळल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एज सुद्धा क्रोमियमवर आहे. वेगळी इंजिनं आता मोजकीच उरली: गूगलचं ब्लिंक, अ‍ॅपलचं वेबकिट, मोझिलाचं गेको. आयफोनवर नाव क्रोमचं असलं तरी आत वेबकिटच असतं. अ‍ॅपलनं ही सक्ती सैल केली ती २०२४ मध्ये, तीही आधी फक्त युरोपीय संघात. म्हणून अँड्रॉइडवर नीट दिसणारा फॉर्म आयफोनवर मोडला तर ब्राउझर बदलून उपयोग नसतो. साधा जन्मतारखेचा रकाना घ्या. कॅलेंडर उघडणारा रकाना क्रोमनं २०१२ मध्ये दिला, फायरफॉक्सनं २०१७ मध्ये आणि मॅकवरच्या सफारीनं थेट २०२१ मध्ये. मधल्या काळात ज्यानं तो फक्त क्रोममध्ये तपासून साइट चालू केली, त्याच्याकडे मॅकवाल्यांच्या तारखा कुठल्याही क्रमानं आल्या.

२०२२ पासून अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला ‘इंटरऑप’ नावाच्या उपक्रमात दर वर्षी काही सोयी निवडून त्या सगळीकडे सारख्या चालतात का, हे समान चाचण्यांवर जाहीरपणे मोजतात. कधीकाळी ‘डॉक्युमेंट डॉट ऑल’वरून भांडणारी ही जमात आता एका गुणपत्रिकेवर येते, ही लहान गोष्ट नाही. दुसरीकडे, ‘फक्त क्रोममध्येच उघडा’ अशी सूचना पुन्हा दिसू लागली आहे. पंचवीस वर्षांपूर्वी त्या जागी एक्सप्लोररचं नाव आणि पडद्याचं माप असे. खुद्द एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला, तरी तो धरून बांधलेल्या साइट्ससाठी एजमध्ये ‘आयई मोड’ ठेवलेला आहे आणि मायक्रोसॉफ्टनं तो किमान २०२९ पर्यंत चालू ठेवायचं कबूल केलं आहे.