२५ वर्षं झाली की सरकारी फाईल आपोआप दिल्लीला जाते? नाही हो

हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय, की कुठलीही सरकारी फाईल २५ वर्षांची झाली की ती दिल्लीतल्या राष्ट्रीय अभिलेखागारात (जुनी सरकारी कागदपत्रं जपणाऱ्या संस्थेत) जाते आणि मग कुणीही जाऊन बघायची. अर्धंच खरं आहे.

सरकारी कागदपत्रं कशी जपायची याचा कायदा म्हणजे पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट, १९९३ चा. त्यानुसार प्रत्येक केंद्रीय खात्यात एक रेकॉर्ड ऑफिसर असतो, आणि २५ वर्षांपेक्षा जुन्या फाइल्स आधी तपासल्या जातात, अभिलेखागाराशी सल्लामसलत करून, आणि ज्या कायम जपण्यासारख्या वाटतात त्याच जनपथवर, म्हणजे अभिलेखागारात, जातात, बाकीच्या रीतसर नष्ट होतात. म्हणजे चहापाण्याच्या बिलांची फाईल अमर होत नाही, आणि होऊही नये! गोपनीय शिक्का असेल तर तो निघेपर्यंत फाईल खात्यातच.

पण मनाला येईल तसं फाडताही येत नाही बरं का. नियम मोडला तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (दंडाचा आकडा आज वाचून हसूच येतं.) १८९२ च्या आधीचा कागद तर नष्ट करताच येत नाही, फक्त तो पार कामातून गेलाय असं अभिलेखागाराच्या प्रमुखाचं मत झालं तरच.

आणि हा कायदा केंद्राचा. पुण्याचं पेशवे दफ्तर राज्याच्या पुराभिलेख खात्याकडे आहे, आजोबांचा सातबारा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये शोधायचा. दिल्लीतलं बरंचसं स्कॅन झालेलं 'अभिलेख पटल' या साइटवर घरबसल्या बघता येतं.