‘१८३३’ लिहिलेली गिटार १८३३ची नसते

जुन्या गिटारींच्या जाहिरातींत एक घोळ हमखास सापडतो. हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या टोकाला खुंट्या असतात तिथे, मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीच्या नावाखाली ‘एस्ट. १८३३’ असं छापलेलं असतं आणि विकणारा ‘जवळपास दोनशे वर्षांची दुर्मीळ गिटार’ असं बिनदिक्कत ठोकून देतो. १८३३ हे कंपनी सुरू झाल्याचं साल. परवा कारखान्यातून बाहेर पडलेल्या गिटारवरही तेच असतं.

मार्टिनचं खरं साल आत दडलेलं असतं. तारा सैल करा आणि मधल्या भोकातून छोटा आरसा व टॉर्च आत घाला. मान पेटीला जिथे जोडलेली असते तिथल्या लाकडी ठोकळ्यावर अनुक्रमांक ठोकलेला दिसेल. हे क्रमांक १८९८पासून ओळीने चालू आहेत. त्याआधी सुमारे ८००० गिटारी झाल्या असाव्यात असा अंदाज बांधून कंपनीने मोजणी तिथूनच सुरू केली. १९४४ अखेरचा क्रमांक ९०१४९, १९४५ अखेरचा ९३६२३. म्हणजे ९१ हजारांतली गिटार १९४५ची. इतकं सोपं काम दुसरीकडे क्वचितच असतं. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने १९६०च्या दशकात तेच क्रमांक पुन्हापुन्हा वापरले, त्यामुळे एकाच क्रमांकाच्या गिटारी वेगवेगळ्या सालांत सापडतात. १९७७पासून मात्र आठ आकडी पद्धत आली. तिच्यात पहिला आणि पाचवा आकडा साल सांगतो, मधले तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते. ८२७६५५०१ म्हणजे १९८५चा २७६वा दिवस, ३ ऑक्टोबर.

क्रमांक सापडला तरी तो बांधणीशी ताडून बघायचा. मार्टिनने पुढच्या फळीखालच्या आधाराच्या पट्ट्या मधून खोलगट तासणं १९४४च्या अखेरीस थांबवलं. क्रमांक १९४२चा आणि पट्ट्या सरळसोट असतील तर फळी बदललेली असण्याची शक्यता मोठी. खुंट्यांच्या आसपास बुजवलेली जादा भोकं दिसली तर खुंट्या मूळच्या नाहीत; त्यांच्यावरून साल काढू नका. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारला की मागाहून पॉलिश केलेला भाग बाकीच्या अंगापेक्षा वेगळा चमकतो. नियम एकच: मूळ भागांपैकी सर्वांत उशिरा प्रचारात आलेला भाग जो असेल, त्याच्याआधीची ती गिटार असू शकत नाही.

पण क्रमांकच नसेल, लेबल फाटलेलं असेल, कारागीर अनामिक असेल तर? तेव्हा पुढच्या फळीकडे वळायचं. खरी मजा इथे आहे.

ही फळी बहुधा स्प्रूसची असते आणि बुंध्याच्या केंद्राकडून सालीकडे अशी चिरलेली असते. त्यामुळे झाडाचं प्रत्येक वार्षिक वलय तारांना समांतर सरळ रेषेसारखं दिसतं. फिकट पट्टा वसंतातल्या जोरदार वाढीचा, गडद बारीक रेघ उन्हाळा संपतानाची. दोन्ही मिळून एक वर्ष. एकच फळी मधून चिरून पुस्तकासारखी उघडतात, म्हणून डावी-उजवी बाजू एकमेकींचं प्रतिबिंब असते. पेटीच्या रुंद भागात अर्धी फळी सुमारे २० सेंटिमीटर भरते. वलयं एक ते दीड मिलिमीटरची धरली तर त्यात १३० ते २०० वर्षं मावतात.

‘रेघा मोजा, वय कळेल’ हा सल्ला मात्र फोल आहे. मोजणीतून फळीत झाडाची किती वर्षं आहेत ते कळतं, कोणती ते नाही. कोणती ते रुंदीच्या क्रमातून कळतं. थंड, आखूड उन्हाळ्याच्या वर्षी एका प्रदेशातली बरीच झाडं एकदम बारीक वलय धरतात. रुंद-अरुंद वलयांचा हा क्रम जिवंत झाडांपासून मागे जोडत नेऊन संदर्भमालिका तयार केलेल्या असतात. आपल्या फळीचा क्रम त्यांच्याशी जुळवायचा.

फळी १२०० डीपीआयवर (इंचाला १२०० बिंदू) स्कॅन केली की एक बिंदू ०.०२ मिलिमीटरचा पडतो, तेवढं पुरतं. घोडीच्या मागे फळी फुगलेली असते, तिथे माप चुकतं. डावी-उजवी बाजू वेगवेगळी मोजायची. एकीकडे निसटलेलं वलय दुसरीकडे पकडता येतं. तरुण झाड रुंद वलयं धरतं, म्हातारं बारीक. म्हणून प्रत्येक रुंदीला त्या वयाच्या अपेक्षित रुंदीने भागायचं. मग मालिका संदर्भावर एकेक वर्ष सरकवत प्रत्येक जागी सहसंबंध r, म्हणजे दोन्ही क्रम किती जुळतात याचं माप, काढायचा. तो पुरेसा आहे का हे t ठरवतो: r गुणिले (n–२)चं वर्गमूळ, भागिले (१–r²)चं वर्गमूळ. इथे n म्हणजे वलयांची संख्या. r ०.५ असेल आणि वलयं १०२ असतील तर t येतो ५.८. तोच r ३८ वलयांवर मिळाला तर ३.५, म्हणजे जेमतेम काठावर, कारण छोट्या मालिका योगायोगानेही चार ठिकाणी जुळतात. दमट, आडोशाच्या खोऱ्यातल्या झाडांची वलयं सगळीच सारखी निघतात. ती मुळीच जुळत नाहीत.

जुळलं तरी हाती येतं ते शेवटच्या वलयाचं साल. त्याच्या बाहेरचं किती लाकूड तासून टाकलं आणि फळी किती वर्षं सुकत पडली होती हे वलय सांगत नाही. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातल्या स्ट्रॅडिव्हरीच्या ‘मसाया’ व्हायोलिनवर १७१६ असं लेबल आहे आणि वलयं १६८०च्या दशकात संपतात. म्हणजे साल शक्य आहे, सिद्ध नाही. उलट खोटं मात्र ठामपणे पकडता येतं. अमाती या इटालियन व्हायोलिनकार घराण्याने १६११मध्ये बनवलेला म्हणून गाजलेल्या ‘कार-कुसेवित्स्की’ डबल बासच्या फळीत १७६१पर्यंतची वलयं निघाली. विषय संपला.

‘कार्बन डेटिंगने सिद्ध’ असं कुणी म्हणालं तर कान टवकारा. सुमारे १६५० ते १९५० या काळात वातावरणातला कार्बन-१४ (ज्यावरून हे वय काढतात तो किरणोत्सारी कार्बन) असा वरखाली झाला की एकाच मोजमापाला अनेक सालं लागू पडतात. एवढ्या टप्प्यातल्या गिटारला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. उपयोग आहे तो उलट्या बाजूने. अणुचाचण्यांमुळे १९५०च्या दशकाच्या मध्यापासून हवेतला कार्बन-१४ झपाट्याने वाढला आणि १९६३-६४च्या सुमारास जवळपास दुप्पट झाला. ‘१९३०च्या’ गिटारमधल्या लाकडात तो जादा कार्बन सापडला तर ते लाकूड नक्कीच नंतरचं. नमुना काही मिलिग्रॅमच लागतो, पण तो सर्वांत तरुण वलयातून घ्यायला हवा. बुंध्याच्या आतल्या वलयातून घेतला तर १९७०ची नक्कलही निर्दोष सुटते.